मूत्रपिंड तपासणीचा अहवाल : आकडा आणि त्याचा अर्थ

(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा पसरलेला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील कित्येक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या विहिरींचे व हातपंपांचे खारे पाणी प्यायले. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, अन्य स्रोत नसल्यास २००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. या पट्ट्यातील अनेक विहिरी हीसुद्धा मर्यादा ओलांडतात. मूत्रपिंडाच्या विकाराने घरातील कर्ता माणूस गमावलेली कुटुंबे येथे आहेत. शास्त्राने सारा दोष एकट्या पाण्यावर ठेवलेला नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब, मूतखडे आणि मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हीही कारणे आहेत. कारण कोणतेही असो, हा विकार बराच काळ मुकाट्याने वाढतो. तो वेळीच ओळखण्याचा मार्ग म्हणजे तपासणी.

अहवाल हाती पडताच नातेवाईक आम्हांस विचारतात, ‘क्रिएटिनिन १.२ आहे, म्हणजे नॉर्मल ना?’ या प्रश्नाचे उत्तर रुग्ण कोण आहे, यावर अवलंबून असते. क्रिएटिनिन हा स्नायूंत तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडे तो रक्तातून गाळून बाहेर टाकतात. ज्याच्या अंगात स्नायू कमी, त्याच्या रक्तात तो मुळातच कमी असतो. म्हणून गाळण्याचा वेग, म्हणजे ई-जीएफआर, वय व लिंग लक्षात घेऊन काढतात. २०२१ च्या सूत्रानुसार पंचवीस वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन १.२ असता हा वेग सुमारे ८६ येतो. साठ वर्षांच्या स्त्रीचे तेवढेच असता तो सुमारे ५२ भरतो. आकडा एकच, परंतु तरुणाला बहुधा चिंता नाही आणि त्या माउलीची पुढील तपासणी अगत्याची आहे.

हा वेग तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर तो जुनाट विकार समजतात. १५ च्या खाली गेल्यास मूत्रपिंडे निकामी झाली असे मानतात. मात्र एका अहवालाने घाबरून जाऊ नये. वैशाखातील उन्हात शरीरातील पाणी कमी झाले, जुलाब-उलट्या झाल्या, तरी युरिया आणि क्रिएटिनिन तात्पुरते वाढतात. म्हणूनच जुने अहवाल जपून ठेवावेत व प्रत्येक भेटीत सोबत आणावेत. एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल अधिक सांगते.

दुसरी तपासणी लघवीतील अल्ब्युमिनची. निरोगी मूत्रपिंड हे प्रथिन सहसा गळू देत नाही. कित्येकदा, विशेषतः मधुमेहात, क्रिएटिनिन वाढण्याच्या बऱ्याच आधी ते लघवीत दिसू लागते. त्या टप्प्यावर रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवली, वेदनाशामके टाळली आणि योग्य औषधे घेतली, तर डायलिसिस पुष्कळ वर्षे लांबवता येते, कित्येकांना ते लागतही नाही. मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा तरी करून घ्याव्यात. खारपाणपट्ट्यातील कुटुंबांनीही त्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

डायलिसिससाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. परंतु आठवड्यातून दोन-तीनदा गावाहून यायचे, तेवढी मजुरी बुडवायची आणि सोबत घरचे एक माणूस आणायचे, हा भार योजनेच्या कागदावर दिसत नाही. तो घर सोसते.

देणगीदारांस आमची एक नम्र विनंती आहे. डायलिसिसच्या यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. लघवीच्या तपासणीवर नामफलक लावता येत नाही. तरीही आपल्या दानाचा काही भाग खारपाणपट्ट्यातील गावांमधील तपासण्यांसाठी राखून ठेवावा. ज्याला त्या यंत्रापर्यंत यावेच लागले नाही, अशा रुग्णाचे नाव कोणत्याही अहवालात येणार नाही. पण आपल्या दानाचे खरे सार्थक त्याच्या घरी झालेले असेल.