चढणीचा हिशेब
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



विजेवर चालणाऱ्या दुचाकीविषयी सातवी शिकलेल्या बाईने बोलावे, याचे तुम्हांला हसू येईल. पण हा विषय आमच्या घरात आला तो थोरल्या जाऊबाईंच्या पाटल्यांवरून.

माझा पुतण्या इंजिनियर. दोन मित्रांसह अशी गाडी बनवायचे त्याने मनात घेतले. लोखंड कापण्याआधी गाडी संगणकावर चालवून पाहतात. त्याला सिम्युलेशन म्हणतात. कॉलेजात तो त्यासाठी मॅटलॅब वापरीत असे. विद्यार्थ्यांचा परवाना स्वस्त, पण त्यावर धंदा करता येत नाही. आणि धंद्याचा परवाना महाग. जाऊबाई पाटल्या मोडायला निघाल्या.

मी म्हटले, "बाबू, त्या संगणकाक तू काय विचारतलस, ता आधी माका सांग."

तो वही घेऊन बसला. चढणीला किती शक्ती लागेल? एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाईल? सांगाडा टिकेल का? हिशेब त्याने एका माणसाचा आणि सपाट रस्त्याचा धरला होता. मी विचारले, "आणि मागे आवस बसतली ती?"

मग त्याने दोन माणसे व गाडी मिळून २०० किलो वजन धरले. ताशी २० किलोमीटर वेगाला सपाटीवर चाकाशी सुमारे २२० वॅट पुरतात. पण दहा मीटरला एक मीटर चढ आला, की तेच सुमारे १३०० होतात. म्हणजे जवळजवळ सहापट! नोंदणी न लागणाऱ्या गाडीची मोटर २५० वॅटच्या आतली असते. ती आपल्या चढणीला काय करणार?

एवढ्या हिशेबाला सायलॅब किंवा ओपनमॉडेलिका पुरते. दोन्ही फुकट आहेत. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्प त्यांचा प्रसार करतो आणि सायलॅबचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. सांगाड्यासाठी फ्रीकॅड आहे, तेही फुकट.

मात्र फुकट म्हणजे बिनकष्टाचे नव्हे. मॅटलॅबमध्ये मोटर, बॅटरीचे तयार भाग मिळतात, अडले तर विचारायला माणूस असतो. ज्याच्या हाती मागणी आहे आणि मुदत जवळ आली आहे, त्याने ते जरूर घ्यावे. आमच्या मुलाकडे पैसा नव्हता, वेळ होता.

त्याने वहीतले गणित सायलॅबमध्ये घातले, उत्तर जुळले, तेव्हाच पुढे गेला. चुकीचे वजन घातले तर महागडे सॉफ्टवेअरही चुकीचेच उत्तर देणार. तांदूळ न मोजता आधण ठेवले, तर टोप पितळेचा असून काय उपयोग?

गाडी अजून रस्त्यावर यायची आहे. विकण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची तपासणी व्हायची आहे. भरतगडाच्या वाटेवर ती आईला घेऊन चढेल, तेव्हाच मी पेढे वाटीन. पाटल्या मात्र आज जाऊबाईंच्या हातात आहेत. त्या समोरच बसल्या आहेत, पाहून घ्या.

भगिनींनो, मुले मोठ्या वस्तूसाठी पैसे मागतील, तेव्हा विषय समजत नाही म्हणून गप्प बसू नका. ती कशासाठी हवी, एवढे तरी विचारा.