दिवा कोणता, चोक कोणता?



कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो पावसावर बोलेल, चंद्रावर बोलेल, फार तर आईवर बोलेल, असं तुम्हाला वाटत असणार. मी आज चोकवर बोलणार आहे. होय, तोच चोक. ट्यूबलाइटच्या पट्टीत बसलेला, जुना झाला की भुंग्यासारखा गुणगुणणारा. या चोकनं मला एकदा चांगलंच उघडं पाडलं. माझी चूक आणि तिची भरपाई माझ्या भाच्याला करावी लागली, अशी ती गोष्ट आहे.

आधी थोडं दिव्यांविषयी सांगतो. मी बी. ए. झालो आणि हिंगोलीत हळदीच्या अडतीवर मुनीम म्हणून लागलो. हळदीचा सौदा करताना जाणता व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, आणि तो उजेडात, दिवसा बघतो. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली हळद बघून काहीच कळत नाही. त्या दिव्याच्या उजेडात पिवळाच रंग भरलेला असतो, त्यामुळे चांगलं हळकुंड, वाईट हळकुंड, हातातली वही, माणसाचा चेहरा, सगळंच हळदीचं दिसतं. उजेड भरपूर असला म्हणजे तो उपयोगाचा असतोच असं नाही, हे मला अडतीवर कळलं.

दसऱ्याला रामलीला मैदानावर प्रदर्शन भरायचं, तेव्हा मात्र पांढरे झगझगीत दिवे लागायचे. आपण त्यांना सरसकट हॅलोजन म्हणायचो. खरा हॅलोजन म्हणजे तारेचा बल्ब. मैदानावरचे ते मोठे दिवे बहुधा मेटल हॅलाइडचे असत. त्यांच्यात तार नसते. क्वार्ट्झच्या बोटभर नळीत थोडा आरगॉन वायू, थोडा पारा आणि काही धातूंचे क्षार भरलेले असतात. इग्निटर काही हजार व्होल्टचा झटका देतो, नळीत ठिणगी पडते, पारा तापतो, मग क्षारांची वाफ होते आणि तीन-चार मिनिटांनी दिवा पुरता उजळतो. लाइट गेली आणि क्षणात परत आली, तरी हे दिवे लगेच लागत नाहीत. नळी थंड व्हायला दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढ्या अंधारात पोरं शिट्ट्या मारायची, आठवत असेल तुम्हाला.

या नळीचा स्वभाव मोठा विचित्र. एकदा वीज वाहू लागली की तिचा विरोध वाढत नाही, उलट कमी होतो. जितकी वीज जाते, तितकी आणखी ओढली जाते. मोकळं सोडलं तर क्षणात ती स्वतःला संपवून टाकील. म्हणून तिच्या आधी चोक बसवतात. लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला हा ठोकळा विजेला म्हणतो, एवढीच जा, याच्या पुढे नाही. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गळा आवळणं. मला विचाराल तर तो बैलाच्या नाकातली वेसण आहे. वेसणीनं बैलाचं बळ कमी होत नाही, ते कामाला येतं.

आता गोष्ट. साल २००८. माझा भाचा तेव्हा नवी मुंबईत माशांच्या टाक्यांची देखभाल करायचा. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी होती, ती त्याच्या गळ्यातला ताईत. मी पाहायला गेलो होतो. आपल्याकडे पोवळं म्हणजे अंगठीतला खडा. आमच्या आजीच्या तसबीहमध्ये पोवळ्याचे मणी होते, ती त्यांना मरजान म्हणायची. पोवळं जिवंत असतं, पाण्यात हात-पाय पसरून उजेड खातं, हे मी त्या टाकीपुढे उभा राहून पहिल्यांदा समजलो.

उजेड खातं म्हणजे काय? प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला भाड्यापोटी त्यातला मोठा वाटा देतं. म्हणून अशा टाकीवर उन्हाची बरोबरी करणारा दिवा लागायचा, आणि त्या काळात तो बहुतेक मेटल हॅलाइडच असायचा. एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. समुद्रात भिंती बांधणारे कठीण प्रवाळ, समुद्रपंखे वगैरे २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ते आणून टाकीत ठेवणं गुन्हा आहे. भाच्याच्या टाकीत होता तो मऊ प्रवाळ, चामड्यासारख्या अंगाचा, भल्यामोठ्या भूछत्रीसारखा. त्याला ते लोक लेदर कोरल म्हणतात.

एका रात्री भाच्याचा फोन आला. "मामू, टाकीचा इलेक्ट्रॉनिक चोक जळाला. नवा बाहेरून यायला महिना लागेल, आणि डॉक्टरसाहेब पैशाला नाही म्हणतायत. हिंगोलीत काही जुगाड होईल का?"

दिवा किती वॅटचा, तेवढं मी विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी मंडपाच्या लाइटचं काम करणाऱ्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं रस्त्यावरच्या जुन्या दिव्यांचा उतरवलेला माल घेऊन ठेवला होता. मी म्हणालो, "२५० वॅटचा चोक द्या."

मिस्त्री म्हणाला, "कशाचा, भाई? मर्क्युरीचा, सोडियमचा, का मेटलचा?"

मला अडतीवर जायची घाई. मी म्हणालो, "मिस्त्री, २५० म्हणजे २५०. किलो काय सोन्याचा वेगळा आन् हळदीचा वेगळा असतो का?"

मिस्त्री हसला. "दिवा लागला म्हंजी बरोबर लागला असं नसतंय, भाई. पुसून घ्या पोराला."

मी पुसून घेतलं नाही. स्वस्तातला मिळाला तो मर्क्युरीचा चोक, सोबत इग्निटर, असं पुडकं बांधून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवून दिलं आणि फोनवर वर फुशारकी मारली, "बघ, महिन्याचं काम मामूनं एका दिवसात केलं."

दिवा लागला. तेच तर वाईट झालं. लागला नसता तर शोध घेतला असता. चोकवर २५० लिहिलेलं, दिव्यावरही २५०. पण २५० वॅटच्या मर्क्युरी दिव्याला साधारण सव्वादोन अँपिअरच्या आत वीज लागते, आणि तो चोक तेवढीच सोडतो. भाच्याच्या दिव्याला हवी होती तीन अँपिअर. म्हणजे २५० वॅटचा दिवा २०० वॅटच्याही आत जळत होता. नळी पुरती तापत नव्हती, सगळे क्षार वाफ होऊन वर येत नव्हते, आणि रंगही बिघडला होता. डोळ्याला हे चटकन कळत नाही, कारण आपला डोळा कमी उजेडाशी जमवून घेतो. प्रवाळाला ते जमवून घेणं जड जातं. तीन आठवड्यांत त्याचा पिवळसर कांतीचा रंग मळकट तपकिरी झाला. उजेड कमी मिळाला की आतलं शैवाल वाढतं, आणि मग असा रंग येतो.

याच्या उलटही होऊ शकतं. ४०० वॅटच्या सोडियम दिव्याचा चोक साडेचार अँपिअरच्या पुढे जातो, आणि त्याच वॅटच्या पुष्कळ मेटल हॅलाइड दिव्यांना सव्वातीन-साडेतीनच पुरतात. तो चोक यांना लावला तर उजेड डोळे दिपवणारा पडेल, पण नळी लवकर मरेल, प्रसंगी फुटेल. वॅट हे दिव्याचं आडनाव आहे. आडनावावरून सोयरीक जमवू नये.

भाच्याला चूक कळली ती काही छापील तक्त्यांवरून. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तेव्हा संजय जोशी नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा विषय उत्पादन अभियांत्रिकी आणि छंद प्रवाळाच्या टाक्यांचा. त्यांनी अनेक वर्षं खपून एकेक दिवा वेगवेगळ्या चोकवर लावून मोजला. दिवा किती वीज खातो, त्यातला किती उजेड शैवालाच्या कामाचा, रंग कोणत्या बाजूला झुकतो, हे सगळं. त्या तक्त्यांत एकाच दिव्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं, शेजारी चोक बदलतो आणि आकडेही बदलतात. म्हणजे दिवा चांगला की वाईट हा प्रश्नच अर्धा आहे. कोणत्या चोकवर, हे त्यात जोडलं की तो पुरा होतो.

चोकांचेही दोन वंश. लोखंडी चोक जड, तापतो, गुणगुणतो, पण दणकट आणि स्वस्त. त्याची खोड ही की व्होल्टेज पाच टक्के उतरलं तर दिव्याची ताकद साधारण त्याच्या दुप्पट उतरते. मराठवाड्यातल्या व्होल्टेजची कहाणी मी तुम्हाला सांगायला नको. इलेक्ट्रॉनिक चोक हलका, शांत, व्होल्टेज खालीवर झालं तरी दिव्याला सारखी वीज देणारा. पण नाजूक, विजेचा एखादा फटका बसला की संपला. रंगाचंही तसंच. १०,००० केल्विनचा दिवा पांढरा दिसतो, २०,००० चा निळा. निळ्याखाली टाकी देखणी दिसते, पण तेवढ्याच वॅटमध्ये कामाचा उजेड बहुधा कमी मिळतो. आणि दिवा जळत असला तरी त्याचा उजेड महिन्यागणिक उतरत जातो, म्हणून हे लोक वर्षभरात तो बदलायचे.

पुढची चूक घाईची. भाच्यानं उसने पैसे काढून तीन अँपिअरचा योग्य चोक आणला आणि त्याच रात्री लावून टाकला. सकाळी दिवा झळाळून उठला. चार-पाच दिवसांत प्रवाळ आक्रसला, पांढुरका पडू लागला, एका बाजूनं सडला. अंधाराला सरावलेल्या जिवावर एकदम भर दुपार पडली होती. माझी आई मिरचीची रोपं वाफ्यातून काढायच्या आधी त्यांच्यावरचा पाचोळा रोज थोडा थोडा दूर करायची. टाकीवाले जाणकारही तेच करतात. दिवा आधी उंच टांगतात, थोडे तास लावतात, मध्ये मच्छरदाणीच्या जाळीचे दोन-तीन पदर धरतात आणि काही दिवसांनी एकेक पदर काढतात. २५ वर्षं कविता लिहिणाऱ्या मामूला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

डॉक्टरांनी भाच्याचा महिन्याचा पगार कापला. चोक कुणी दिला, असं त्यांनी विचारलं होतं. भाच्यानं माझं नाव सांगितलं नाही. मला हे बहिणीकडून, वर्षभरानं कळलं. मी पैसे घेऊन गेलो तर त्यानं घेतले नाहीत. म्हणाला, "मामू, मी पण लेबल वाचलं नव्हतं." तो मोठेपणा होता. मिस्त्रीनं मला विचारलं होतं, त्याला कुणीच विचारलं नव्हतं.

प्रवाळ मात्र पुरता मेला नाही. भाच्यानं चांगला राहिलेला तुकडा धारदार पात्यानं कापला, दोऱ्यानं दगडाला बांधला आणि जाळीच्या सावलीत ठेवला. मऊ प्रवाळ असा कलमासारखा लागतो. तो लागला आणि वाढला.

आता मेटल हॅलाइडचे दिवस सरले. मैदानावर एलईडी आले, टाक्यांवरही एलईडी आले. त्यांना चोक नसतो, ड्रायव्हर असतो. पण काम तेच, विजेला हिशेबात ठेवायचं. आणि खऱ्या समुद्रातल्या प्रवाळांना तर ना चोक ना जाळी. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपचे प्रवाळ पाणी तापल्यामुळे पांढरे पडले. तिथं कुणाला दिवा उंच टांगता येत नाही.

तो मर्क्युरीचा चोक भाच्यानं ट्रॅव्हल्सनंच परत पाठवला. वजनदार आहे. आमच्या घरी पुढच्या दाराला वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावून ठेवलेला असतो. येणारा-जाणारा त्याला ठेचकाळतो आणि विचारतो, "हे काय?" मग मी त्याला बसवतो, चहा सांगतो आणि ही गोष्ट पहिल्यापासून सांगतो. मिस्त्रीचा प्रश्न तेवढा विसरत नाही: कशाचा, भाई?



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)