प्रौढांचा बायबल वर्ग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु आपल्या बायबल वर्गाला मी पहिल्या दिवसापासून येते, तेव्हा तेथे जे पाहिले आणि ऐकले तेवढेच सांगते.

मोठ्या माणसांना हा वर्ग कशाला, असे पुष्कळजणी विचारतात. लहानपणी आपण सर्वांनीच धर्मशिक्षण घेतले आहे. प्रथम ख्रिस्तशरीर घेतले, दृढीकरण झाले, आणि बहुतेकींचे शिकणे तेथेच थांबले. दहाव्या वर्षी शिवलेला झगा चाळिसाव्या वर्षी अंगात शिरत नाही. मग दहाव्या वर्षी पाठ केलेली उत्तरे चाळिसाव्या वर्षाच्या प्रश्नांना कशी पुरावीत? संसार, सासर, कर्ज, आजारपण, समुद्रावर गेलेली होडी, मुंबईला गेलेला मुलगा, हे प्रश्न त्या पुस्तकात नव्हते आणि आपल्यालाही तेव्हा पडले नव्हते.

मोठ्यांनी शिकावे ही गोष्ट आजची नाही. आपल्यापैकी कित्येक घराण्यांची मुळे गोव्यातली. तेथे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली आले आणि आपली भाषा शिकले. त्यांनी बायबलातील कथा मराठी ओव्यांत रचल्या. ओव्या सुमारे अकरा हजार. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापले गेले. ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. रविवारी देवळात मुलांची शिकवणी चालली असता एक ब्राह्मण ख्रिस्ती पुढे होऊन पाद्री गुरूंना म्हणतो, की मुलांना शिकविता ते चांगलेच. परंतु आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर आम्हां मोठ्यांना वाचावयास काही नवे द्या. भगिनींनो, पुस्तके हिरावली गेल्याचे दुःख त्या मागणीत आहे, आणि मोठ्या माणसाची भूकही आहे. आपला वर्ग त्याच भुकेसाठी आहे.

आता आमच्या वर्गातलीच एक हकीकत सांगते. आम्ही जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक वाचावयास घेतले होते. त्याच सुमारास वाडीतल्या एका घरचा कर्ता पुरुष समुद्रावरून परत आला नाही. घरी म्हातारी सासू आणि दोन मुले. सांत्वनाला गाव लोटला. कोणी म्हणाले, देवाची मर्जी. कोणी दाराबाहेर कुजबुजले, की काहीतरी पाप असल्याशिवाय असे होत नाही. क्रुसाकडची लादीन चुकली असेल. त्या बाईच्या कानावर हे सर्व जात होते.

पुढल्या बुधवारी वर्गात वाचन झाले ते ईयोबाच्या तीन मित्रांचे. त्याचे हाल पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. एक शब्द बोलले नाहीत. तेवढे त्यांचे चांगले झाले. मग तोंड उघडले आणि तूच पापी असशील म्हणू लागले. शेवटी देवाचा राग झाला तो ईयोबावर नाही, त्या शहाण्या मित्रांवर! वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी बोलेना. मग एक मावशी म्हणाली, "म्हणजे आमचोच गाव तो." फादरांनी मग योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध माणसाची गोष्ट काढली. तेथेही शिष्य हेच विचारतात, की पाप कोणाचे, याचे की आईबापाचे? येशू सांगतो, याचेही नाही आणि आईबापाचेही नाही.

त्या दिवशी आम्ही ठरविले, की रोज संध्याकाळी दोघींनी पेज घेऊन त्या घरी जावयाचे. बसावयाचे, भांडी घासावयाची, मुलांचा अभ्यास घ्यावयाचा. उपदेश करावयाचा नाही. दोन महिने हा नेम चालला. एके दिवशी तिने आपणहून विचारले, तुम्ही वर्गात काय वाचता? तेव्हा ईयोब देवाशी भांडतो तो भाग आम्ही तिला वाचून दाखविला. ती म्हणाली, "देवाशी असे बोललेले चालते? मला वाटे, मनात येणेसुद्धा पाप." आणि त्या दिवशी ती प्रथमच मोकळेपणी रडली. तिचे दुःख सरलेले नाही, ते सरणारे नाही. पण आता ती वर्गाला येते, आणि कुजबुज करणाऱ्यांना गप्प करण्यात तीच पुढे असते.

वर्गाची रीत अगदी साधी आहे. एक तास. एक लहानसा उतारा दोनदा वाचावयाचा. मग तीन प्रश्न: येथे काय सांगितले आहे? ते मला काय सांगते? या आठवड्यात मी काय करणार? तिसरा प्रश्न सोडला तर वर्गाच्या गजाली होतात, म्हणून तो कधी सोडीत नाही. अडेल ते फादरांना किंवा सिस्टरना विचारतो. एक आजी म्हणत असे, "माका वाचूक येणा नाय गो, मी येऊन काय करू?" आज ऐकलेली गोष्ट तिच्याइतकी नीट दुसरी कोणी सांगू शकत नाही.

बायकांना हे जमेल का, अशी शंका कोणी धरू नये. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा, तंबू शिवून पोट भरणारी ही माणसे, अपुल्लोस नावाच्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन मार्ग अधिक नीट समजावून देतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायकांना समजावे म्हणून सोप्या मराठीत सबंध बायबल उतरविले. १९२२ साली त्यांचा अंत झाला, तो हे काम पुरे केल्यावरच. आणि आपल्या कॅथलिक धर्मसभेनेही व्हॅटिकन परिषदेत, १९६५ साली, पवित्र शास्त्राचे दार सर्व भाविकांना मोकळे असावे असे स्पष्ट सांगितले. आपल्या आज्यांनी लॅटिन मिस्सा ऐकली. शब्द कळला नाही तरी श्रद्धा सोडली नाही. आपल्याला तर शब्द आपल्या भाषेत मिळाला आहे. तो कपाटात ठेवून कसे चालेल?

वेळ नाही, ही अडचण मला ठाऊक आहे. मासळी, काजू, बाग, गुरे यांतून बाईला उसंत कोठली! परंतु जून आणि जुलै महिन्यांत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. निदान ते दोन महिने तरी प्रत्येकीने वर्गाला यावे. आणि एकटीने येऊ नये, घरधन्यालाही आणावे. वर्ग प्रौढांचा आहे, केवळ बायकांचा नाही. ईयोबाच्या मित्रांसारखी तोंडे पुरुषांनाही असतात!