जुन्या निगेटिव्ह, नवा स्कॅनर आणि आपले तीन महिने

(रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या छायाचित्र प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. पहिला शब्द ‘निगेटिव्ह’ आणि दुसरा ‘स्कॅनर’!

आज भिंतींवर जे फोटो लागलेत ते आपल्या पहिल्या सहा-सात वर्षांतले आहेत. भूमिपूजन, ताबा मिळाला तो दिवस, टँकरपुढची बादल्यांची रांग, पहिला गणपती. तेव्हा खिशात मोबाईल नव्हते, कॅमेऱ्यात रोल भरावा लागे. प्रिंट कुणीकुणी नेल्या, त्या परत आल्या नाहीत. निगेटिव्ह मात्र ऑफिसच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात राहिल्या. 26 रोल, म्हणजे नऊशेच्या वर फोटो.

हे स्कॅन करायचे ठरले आणि वाद सुरू झाला. कोणतं मशीन घ्यायचं? प्लस्टेक कंपनीची तीन मॉडेल समोर होती. स्वस्तातलं 8100, मधलं 8200 आय आणि नवीन, महागडं 8300 आय. तरुण मंडळी म्हणाली, घ्यायचं तर नवीनच घ्या. खजिनदार म्हणाले, पैसे सभासदांचे आहेत. दोघांचंही बरोबर होतं.

हिशेब काय झाला, तो सांगतो. कारण तुमच्याही घरी कधीतरी हाच प्रश्न येईल.

खोक्यावर तिन्ही मशीनची क्षमता 7200 डीपीआय अशीच लिहिलेली. म्हणजे त्यासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नव्हता. शिवाय प्रत्यक्षात मिळणारा तपशील त्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच असतो. आणि आपल्याला तेवढा पुरतो. 35 मिलिमीटरची फ्रेम 3600 डीपीआयने स्कॅन केली की साधारण 5100 बाय 3400 पिक्सेल मिळतात. समोरचा 12 बाय 18 इंची फोटो त्यातूनच काढलाय.

मग जादा पैसे कशाचे? 8100 आणि 8200 आय यांच्यातला फरक इन्फ्रारेडचा. रंगीत फिल्ममधल्या रंगांतून हा अदृश्य प्रकाश आरपार जातो, धूळ आणि ओरखडे मात्र त्याला अडवतात. त्यामुळे मशीनला डाग नेमके कळतात आणि ते पुसता येतात. आपल्या निगेटिव्हवर पंचवीस वर्षांची धूळ होती. एकेक डाग हाताने पुसायचा म्हणजे आणखी एक पंचविशी गेली असती. हे पैसे देणं योग्यच होतं. मात्र कुणाच्या घरी फक्त ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह असतील, तर हे पैसे वाया जातील. त्या फिल्ममधली चांदीच तो प्रकाश अडवते, म्हणून मशीन चित्रालाच धूळ समजतं.

8200 आय आणि 8300 आय यांच्यातला मुख्य फरक वेगाचा. एका फ्रेमला तीन मिनिटं धरली तर नऊशे फोटोंना 45 तास. नव्या मशीनने त्यातले बारा-पंधरा तास वाचले असते. पण फिल्मची पट्टी साच्यात बसवणं, फुंकर मारून धूळ उडवणं, प्रत्येक फोटोला साचा हाताने पुढे सरकवणं आणि मुख्य म्हणजे फोटोत कोण आहे ते विचारून लिहिणं, हे काम दोन्हींत तेवढंच. म्हणून आपण मधलं घेतलं. वाचलेल्या पैशांत निगेटिव्हसाठी चांगल्या पाकिटांच्या फायली आणि दोन हार्ड डिस्क आल्या. दोन अशासाठी, की एक बिघडली तर दुसरी असावी.

निर्णय बरोबर होता, असं मी आजही म्हणतो. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बारा-पंधरा तास वाचवायचे की नाही, हे ठरवायला आपण तीन महिने घेतले. आणि त्यात सर्वांत जास्त शंका मीच काढल्या.

त्या तीन महिन्यांत बी विंगमधल्या आजी गेल्या. भूमिपूजनाच्या दिवशी सगळ्यांना चहा त्यांनीच दिला होता. प्रदर्शनातला सतरा नंबरचा फोटो बघा. कुदळ धरलेल्या माणसाशेजारी एक बाई उभ्या आहेत, कडेवर लहान मूल आहे. फोटो अगदी स्वच्छ आलाय, साडीचे काठसुद्धा दिसतात. पण त्या कोण, हे आम्हांला कुणालाच सांगता येईना. आजींनी एका क्षणात सांगितलं असतं. फोटोखालची ती रेघ म्हणून कोरी आहे.

स्कॅनर आता सोसायटीचा आहे. ऑफिसच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून कुणीही वापरावा. माळ्यावरचे डबे खाली काढा. पण त्याआधी, आज घरी गेल्यावर, घरातल्या थोरल्या माणसाशेजारी जुना अल्बम घेऊन बसा आणि नावं लिहून घ्या. त्याला कुठलंच मशीन लागत नाही.

आणि त्या बाईंना कुणी ओळखत असेल, तर फोटोजवळ पेन्सिल बांधून ठेवली आहे.