मार्केट यार्डातली घार

पक्षी बघायचे म्हटलं की लोक गळ्यात दुर्बीण अडकवून रानात जातात. आमच्या गटाची सुरुवात मात्र पुण्याच्या मार्केट यार्डात झाली, तीही मेथीच्या रिकाम्या पोत्यांवर बसून.

आम्ही दौंड तालुक्यातल्या. सहाजणींची मेथी-कोथिंबीर एकाच टेम्पोत भरतो, रात्री निघतो आणि उजाडायच्या आत गुलटेकडीला पोचतो. माल उतरला, शेकड्याचा भाव ठरला, की पट्टी हातात पडेपर्यंत वाट बघायची. बायकांनी तोवर बसायचं कुठं, हा वेगळाच विषय आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.

बसल्या बसल्या बघणार काय? सडक्या पाल्याच्या ढिगावर गायबगळे उतरतात. आपल्या शेतात नांगरामागं चालतात ना, तेच. इथं हातगाड्यांच्या मधून फिरतात आणि माश्या टिपतात. थंडीच्या दिवसांत ओल्या फरशीवर शेपटी वरखाली हलवत तुरुतुरु पळणारा धोबी दिसतो. तो हिमालयाकडून, काही तर त्याच्याही पलीकडून येतात. हे कळल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "आणि आपली टेम्पोत बसून कंबर धरते!" भुसार बाजाराकडं सांडलेल्या दाण्यांवर पारवे. आणि सगळ्यांच्या वर घारी. शेपटीच्या टोकाला मधोमध खाच दिसली की घार, एवढी एक खूण ध्यानात ठेवा.

गेल्या संक्रांतीनंतर दोनच दिवसांनी आम्ही यार्डात होतो. एका उंच झाडावर कावळ्यांचा फार गलका चालला होता. वर बघितलं तर घार उलटी लोंबकळत होती. पंखाला मांजा गुंडाळलेला. सुटायला धडपडली की दोरा आणखी आत जायचा. तिची जोडीदारीण म्हणा, जोडीदार म्हणा, वर घिरट्या घालत होता. घारींचे घरटी बांधण्याचे, अंडी घालण्याचे दिवस हेच. एकजण अंड्यावर, दुसरा खाणं आणायला. दोघांतलं एक गेलं की घरटं बसलंच.

एका हमालदादांनी अग्निशमन दलाला फोन केला. जवान आले, शिडी लावली, दोरा कापून घार खाली आणली. पंख हाडापर्यंत चिरला होता. दोरा हातात घेऊन बघितला, तोडायला गेलो तर तुटेना. नायलॉनचा.

परतीच्या टेम्पोत कुणी बोलेना. कारण सगळ्यांना एकच गोष्ट माहीत होती. आमच्यातल्या एकीचं गावात किराणा दुकान आहे. संक्रांतीला तिच्याकडं हाच मांजा विकला गेला होता, फळीखालून. आणि त्या मालासाठीचं कर्ज आम्हीच गटाच्या बैठकीत मंजूर केलं होतं. सह्या आमच्याच. पाटस येईपर्यंत तीच शेवटी म्हणाली, "माझ्याकडं अजून अकरा रिळं आहेत."

नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१७ सालीच देशभर बंदी घातली आहे. पाखरांचं सोडा, दुचाकीवरून जाणाऱ्या माणसांचे गळे त्यानं चिरलेत. आम्हाला हे ठाऊक नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. ऐकलं होतं. विचारलं नव्हतं, एवढंच.

पुढच्या बैठकीत वाद झाला. रिळं विकायची नाहीत हे ठरलं, पण नुकसान कुणी सोसायचं? दोघींचं म्हणणं, धंदा तिचा, तोटाही तिचा. बाकीच्या म्हणाल्या, कर्ज आपण दिलं. शेवटी दोन महिन्यांचं व्याज सोडलं. त्या दोघी अजून नाराज आहेत, आणि त्यांचं अगदीच चुकलं असंही आम्हाला वाटत नाही.

आता कामाची गोष्ट. जखमी पाखरू सापडलं तर दोरा ओढू नका. फडकं टाकून अलगद उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. वनविभागाचा १९२६ हा नंबर फिरवा.

फेब्रुवारीत आम्ही त्याच टेम्पोनं भिगवणला गेलो. उजनीच्या पाण्यावर, कुंभारगावच्या बाजूला. ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांतली काही मुलं आज होडीतून पाखरं दाखवतात. रोहित पक्षी बघितले, चोच उलटी करून चिखलपाणी गाळून खाणारे. तासभर आम्ही घरची आठवणसुद्धा काढली नाही, हे मुद्दाम सांगतो! तेवढ्यात वरून एक तांबूस, पांढऱ्या डोक्याची घार गेली. आमची दुकानवाली पटकन म्हणाली, "हिच्या शेपटीला खाच नाही. ही आपली नव्हे." होडीवाला हसला. ती ब्राह्मणी घार होती, तिची शेपूट गोल असते.

आता पुन्हा संक्रांत आलीय. तिच्या दुकानात यंदा साधा सुती दोरा आहे. शेजारच्या गावात मात्र नायलॉनची रिळं मिळतात आणि आमचीच पोरं तिकडून आणतात. तिथंही दुकान एक बाईच चालवते. रविवारी आम्ही चौघी तिच्याकडं जाणार आहोत.