नावामागचे माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मधल्या सुटीत माझ्या वर्गातील एक मुलगी जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "सर, परीक्षेचा अर्ज भरण्याआधी माझं नाव बदलता येईल का?" नाव तिच्या आजीचे होते, जुन्या वळणाचे, मैत्रिणी त्यावरून हसत असत. मी शब्दकोश काढला आणि तिला नावाचा अर्थ सांगितला. अर्थ चांगला होता, परंतु तिचे समाधान झाले नाही. खाली मान घालून ती निघून गेली. माझे कोठे चुकले, हे पुढे मला एका फार दूरच्या देशातील मुलींच्या नावांनी शिकविले. तो देश म्हणजे नॉर्वे.

सिग्रिड उंडसेट या नॉर्वेजियन लेखिकेला १९२८ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिची मध्ययुगावरील मोठी कादंबरी वाचताना त्यातील नावांनी मला ओढून घेतले आणि मी त्यांचे अर्थ शोधू लागलो. 'सिग्रिड' या नावात दोन शब्द आहेत. एक विजयाचा आणि दुसरा सौंदर्याचा. 'अस्त्रिड'मध्ये देव आणि सौंदर्य आहेत. 'इंग्रिड'मध्ये इंग नावाचा प्राचीन देव आणि पुन्हा सौंदर्य. 'गुद्रुन' म्हणजे देव आणि गूढ. 'हिल्ड' म्हणजे तर चक्क युद्ध! नाजूक बालिकेला असे नाव ठेवणारे लोक कसे असतील, असे मनात येते. परंतु मौज अशी की, हे शब्द नेहमी अर्थ पाहूनच जुळवीत असे नाही. पुष्कळदा घरातील दोन वडीलधाऱ्या माणसांच्या नावांतील एकेक तुकडा घेऊन बाळाचे नाव तयार करीत. अर्थ नंतरचा, आधी माणसे.

पुढे अखंड नावच वारशाने देण्याची चाल रूढ झाली. शेतकरी कुटुंबात पहिल्या मुलीला बहुधा वडिलांच्या आईचे नाव ठेवीत आणि दुसरीला आईच्या आईचे. मूल दगावले, तर पुढच्या बाळाला तेच नाव देत. विधुराने दुसरा विवाह केला, तर नव्या पत्नीच्या पहिल्या मुलीला दिवंगत पत्नीचे नाव देण्याचीही रीत होती. त्या दुसऱ्या पत्नीच्या मनाचा विचार करून पाहा. आपल्या लेकीला हाक मारताना ती रोज त्या गेलेल्या स्त्रीला घरात जागा देत असे.

या चालीचे सामर्थ्य 'सिन्नोवे' या नावात दिसते. सुन्निवा नावाची एक राजकन्या समुद्र ओलांडून नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सेल्या बेटावर आली व तेथेच तिला मृत्यू आला, अशी आख्यायिका आहे. तिचे नाव जुन्या इंग्रजीतले. त्याचा अर्थ सूर्याची देणगी. ११७० साली तिचे अवशेष बर्गेन येथे नेण्यात आले आणि ती पश्चिम नॉर्वेची संत ठरली. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली, संतांचे उत्सव बंद पडले. परंतु घरोघरच्या आज्यांची नावे कोण बंद पाडणार? सुन्निवाचे 'सिन्नोवे' झाले आणि शेतकऱ्यांच्या घरात ते नाव टिकून राहिले. तसेच कॅथरिनचे 'कारी' झाले, मार्गारेटचे 'मारिट' झाले. मार्गारेट म्हणजे मोती. पण कोठल्या मारिटला आपण मोती आहोत हे ठाऊक असेल? ती आजीची मारिट होती, एवढे तिला पुरे होते.

उंडसेटच्या कादंबरीची नायिका क्रिस्टिन लाव्हरान्सदात्तर. 'दात्तर' म्हणजे मुलगी. लाव्हरान्सची मुलगी क्रिस्टिन. तिचा विवाह होतो, ती अनेक मुलांची आई होते, तरी अखेरपर्यंत ती लाव्हरान्सदात्तरच राहते, कारण विवाहाने नाव बदलण्याची चाल तेथे तेव्हा नव्हती. ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहून सासरी गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी स्त्रियांना ही गोष्ट ऐकून क्षणभर काय वाटेल, ते मी सांगावयास नको. १९२३ च्या कायद्याने नॉर्वेत कायम आडनाव सक्तीचे झाले. २००२ च्या कायद्याने मात्र बापाच्या किंवा आईच्याही नावाला 'दात्तर' जोडून ते लावण्याची मुभा आहे.

नाव धारण करणारे माणूस नावाला नवा अर्थ देते, हेही तेथेच दिसते. 'सोल्वेग' या नावाच्या पहिल्या भागात सूर्य आहे की घर, यावर पंडितांचे एकमत नाही. परंतु इब्सेनने १८६७ साली 'पेअर ग्युंट' लिहिले, तेव्हापासून सोल्वेग म्हणजे वाट पाहणारी. त्याच्याच १८७९ च्या नाटकातील नोरा घराचे दार लोटून बाहेर पडली. आपल्या अनंत काणेकरांनी त्या नाटकावरून 'घरकुल' लिहिले. 'नोरा' हे एलिओनोरा किंवा होनोरा या परक्या नावांचे लघुरूप. आणि अलीकडच्या काळात नॉर्वेतील नवजात मुलींच्या नावांत हेच नाव कितीतरी वर्षे पहिल्या क्रमांकावर आले आहे! एमा, सोफी ही युरोपभर चालणारी नावेही तेथे लोकप्रिय आहेत. मात्र इंग्रिड व अस्त्रिड या जुन्या आज्याही पुन्हा पाळण्यात आल्या आहेत.

आता माझी चूक सांगतो. त्या मुलीला मी तिच्या नावाचा अर्थ सांगितला. तिची आजी कशी होती, हे विचारले नाही. तिने किती दुष्काळ पाहिले, किती लेकरे वाढविली, नातीला मांडीवर घेऊन कोणती गोष्ट सांगितली, हे त्या मुलीच्या तोंडून मी ऐकावयास हवे होते. एवढे बोलूनही कदाचित तिने नाव बदललेच असते. तो तिचा अधिकार. पण आपण काय खाली ठेवीत आहोत, हे तिला कळले असते.

ती मुलगी केव्हाच शाळा सोडून गेली. आज ती मोठी झाली असेल. तिच्याही घरी पाळणा हलला असेल. नावे सुचविणारी पुस्तके आता दुकानात हवी तितकी मिळतात. ती जरूर चाळावीत. मात्र चाळण्यापूर्वी घरातल्या वृद्ध माणसाजवळ घटकाभर बसावे आणि घरात कोणाकोणाची नावे होती, एवढे विचारावे.