रस्त्यावरील चिन्हे : एक सार्वजनिक वस्तू
(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वाहन चालविण्याचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी उमेदवारास वाहतूक चिन्हांवर आधारित एक छोटी चाचणी द्यावी लागते. साधारणतः १५ पैकी ९ उत्तरे बरोबर आली की तो उत्तीर्ण होतो. अन्य परीक्षांत ६० टक्के गुण म्हणजे प्रथम श्रेणी. रस्त्यावर मात्र उरलेल्या ४० टक्के अज्ञानाची किंमत मोजावी लागते आणि ती पुष्कळदा भलत्यालाच मोजावी लागते. एकाच्या कृतीचा भार तिऱ्हाइतावर पडणे यास अर्थशास्त्रात 'बाह्य खर्च' म्हणतात. रस्ते अपघात हे त्याचे अत्यंत विदारक उदाहरण होय.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. म्हणजे दररोज सरासरी ४६२ मृत्यू. मृतांपैकी ६६.५ टक्के १८ ते ४५ या वयोगटातील होते. ज्या तरुण लोकसंख्येस देशाचे बलस्थान मानले जाते, तिचीच ही हानी आहे.

अक्षरांविना चालणारी भाषा

चिन्ह ही अर्थशास्त्रीय दृष्टीने 'सार्वजनिक वस्तू' आहे. एकाने ते वाचल्याने दुसऱ्यासाठी ते कमी होत नाही आणि कोणासही त्याच्या लाभापासून वगळता येत नाही. बहुभाषिक भारतात तर त्याचे मोल अधिकच. पंजाबचा ट्रकचालक तामिळनाडूत शिरला, तर फलकावरील तमिळ अक्षरे त्याला वाचता येणार नाहीत. परंतु लाल किनारीचा त्रिकोण त्याला तत्काळ समजतो.

ही एकरूपता आपोआप आलेली नाही. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. रस्त्यावरील चिन्हांसाठी आयआरसी ६७ व रस्त्यावरील पट्ट्यांसाठी आयआरसी ३५ या तिच्याच संहिता होत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११९ अन्वये बंधनकारक चिन्हांचे पालन करणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

पाठांतर नव्हे, व्याकरण

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. अशा वेळी आठवण्यास अवधी नसतो. म्हणूनच चिन्हाचा आकार व रंग प्रथम बोलतो, तपशील नंतर. वर्तुळ आज्ञा देते : लाल किनार असल्यास मनाई वा मर्यादा आणि निळी पार्श्वभूमी असल्यास अनिवार्य कृती. त्रिकोण पुढील धोक्याची सूचना देतो. आयत माहिती पुरवितो. यास दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. अष्टकोनी 'थांबा' आणि उलटा त्रिकोण, अर्थात 'वाट द्या', ही दोन्ही चिन्हे बंधनकारकच आहेत. धूळ वा धुक्यात आतील मजकूर दिसला नाही, तरी आकारावरूनच ती ओळखता यावीत, हा या वेगळेपणाचा लाभ.

रस्त्यावरील पट्ट्यांनाही असेच व्याकरण आहे. तुटक रेषा सुरक्षित असल्यास ओलांडता येते. अखंड रेषा ओलांडावयाची नसते. दोन्ही शेजारी असल्यास चालकाच्या बाजूची रेषा त्याला लागू होते. चौकातील पिवळ्या जाळीत, पुढे बाहेर पडण्यास जागा असल्याखेरीज वाहन नेऊ नये. अन्यथा एका वाहनाच्या घाईने चारही दिशा अडतात. झेब्रा पट्ट्यांवर पहिला हक्क पादचाऱ्याचा असतो. २०२२ मधील मृतांत पादचारी १९.५ टक्के होते, हे ध्यानात घेता थांबा-रेषेच्या अलीकडे थांबणे हा केवळ शिष्टाचार राहत नाही.

सिग्नलमधील पिवळा दिवा सर्वाधिक गैरसमजाचा विषय आहे. 'वेग वाढवा' असा त्याचा अर्थ नाही. सुरक्षितपणे थांबणे शक्य असेल तर थांबावे, हाच त्याचा अर्थ. लुकलुकणारा पिवळा दिवा सावकाश व जपून जाण्यास सांगतो. लुकलुकणारा लाल दिवा पूर्ण थांबून, मार्ग मोकळा असल्याची खात्री करून मगच पुढे जाण्यास सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे वा 'थांबा' चिन्ह न पाळणे यांचा कलम १८४ मधील धोकादायक वाहनचालनात स्पष्ट उल्लेख झाला आहे.

विश्वासार्हतेचा प्रश्न

तथापि, सारी जबाबदारी चालकावर टाकून चालणार नाही. चलनाप्रमाणेच चिन्हाचे मूल्यही विश्वासावर टिकते. दुरुस्तीचे काम संपल्यावरही वेगमर्यादेचा तात्पुरता फलक तसाच उभा राहिला, तर चालक तो दुर्लक्षिण्यास शिकतो. आणि ही सवय पुढे शाळेजवळील खऱ्या फलकापाशीही सुटत नाही. झाडाआड लपलेला फलक किंवा झिजलेला झेब्रा पट्टा हाही याच विश्वासाचा भंग होय. पट्ट्यांच्या रंगात मिसळलेले काचेचे मणी दिव्यांचा प्रकाश परावर्तित करतात म्हणून त्या रात्री दिसतात. ते मणी झिजले की रेषा दिवसा दिसते आणि नेमकी गरज असताना, रात्री नाहीशी होते.

या दृष्टीने २०१९ मध्ये समाविष्ट झालेले कलम १९८ अ उल्लेखनीय ठरते. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल मानकांनुसार नसल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास जबाबदार प्राधिकरण, कंत्राटदार अथवा सल्लागार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. चिन्ह हा चालक व शासन यांच्यातील करार आहे, हे तत्त्व त्यातून अधोरेखित होते.

शाश्वत विकास उद्दिष्ट ३.६ मध्ये रस्ते अपघातांतील मृत्यू निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य असून जागतिक पातळीवर त्यासाठी आता २०३० ही मुदत आहे. मोठे पूल व महामार्ग यांस प्रचंड भांडवल लागते. रंगाची रेषा आणि पत्र्याचा फलक त्या मानाने स्वस्त. परंतु शासनाने ते खरे ठेवले आणि चालकाने ते खरे मानले, तरच त्यांतून जीव वाचतात. परवान्याच्या चाचणीत ९ उत्तरे पुरेशी असतील. रस्त्यावर उतरणाऱ्याने मात्र पंधराही शिकूनच उतरावे.